मास्किंग टेप लावताना घाई नको

ठाण्यातले नवे घर तुम्ही प्रथमच स्वतः रंगवणार आहात, म्हणून अनुभवाचे सांगतो. मास्किंग टेप, म्हणजे रंग नको तो भाग झाकायची कागदी चिकटपट्टी, चिकटवण्याआधी भिंतीवरची पुट्टीची भुकटी फडक्याने नीट पुसून घ्या, कारण एरवी टेप भिंतीऐवजी त्या भुकटीलाच चिकटते आणि कडेखालून रंग झिरपतो. खाडीजवळच्या आमच्या घरात मी ऐन पावसाळ्यात ओलसर भिंतीवर टेप लावली होती. ती काढताना तळहाताएवढा पोपडा सोबत निघाला.

दोन रंगांमध्ये सरळ रेघ हवी असेल, तर टेपच्या कडेवरून आधी भिंतीच्या मूळ रंगाचाच एक पातळ हात फिरवा; बारीक फटी त्याच रंगाने बुजतात आणि वरचा नवा रंग आत शिरत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोलाची युक्ती हीच आहे. शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप उलटी दुमडून, साधारण 45 अंशांच्या कोनात सावकाश ओढा; रंग पूर्ण वाळला, तर त्याचा पापुद्रा टेपबरोबर फाटून येतो. ऊन लागणाऱ्या खिडकीच्या चौकटीवर साधी पिवळसर टेप दिवसेंदिवस ठेवू नका, कारण तिचा गोंद तिथेच चिकटून राहतो. विजेच्या वायरच्या जोडावर मात्र ही कागदी टेप कधीही गुंडाळू नका.