लंडनला येऊन उघडपणे गे अभिनेता म्हणून काम करता येईल का?

तू विचारलं आहेस की इतकी वर्षं प्रायोगिक नाटक केल्यावर लंडनला यावं का, गे असल्याचं न लपवता स्वतंत्र चित्रपटांत अभिनेता म्हणून उभं राहता येईल का, आणि जोडीदाराला सोबत आणता येईल का. मी इथे हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लपवावं लागणार नाही, हे आधी सांगून टाकतो. २०१० च्या इक्वॅलिटी ॲक्टमुळे लैंगिकतेवरून कामात भेदभाव करणं बेकायदेशीर आहे, आणि ऑडिशनला तो प्रश्न सहसा कोणी काढत नाही. हे सहज मिळालेलं नाही. १९८८ मध्ये सरकारने कलम २८ आणून स्थानिक प्रशासनाला समलैंगिकतेला 'उत्तेजन' द्यायला बंदी केली. त्याच वादात अभिनेते इयन मॅकेलन रेडिओवरच्या चर्चेत, आपण गे आहोत, असं उघड बोलले. कलम रद्द व्हायला इंग्लंडमध्ये २००३ उजाडलं. पुढे उघडपणे गे असलेला अभिनेता बेन व्हिशॉ बाँडपटांत क्यू या पात्राच्या भूमिकेत दिसला आणि पॅडिंग्टन अस्वलाला आवाजही त्यानेच दिला. अभिनेता अँड्र्यू स्कॉट २०१३ मध्ये उघड बोलला आणि दहा वर्षांनी 'ऑल ऑफ अस स्ट्रेंजर्स'मध्ये गे नायक साकारून गोल्डन ग्लोबच्या नामांकनापर्यंत पोचला.

पण त्यांच्याकडे बघून हुरळून जाऊ नकोस. दोघेही गोरे, इंग्रजीत वाढलेले, आणि उघड बोलण्याआधीच दोघांचं नाव झालेलं होतं. तुझी अडचण वेगळी असेल. सावळ्या गे मुलासाठी लिहिलेल्या भूमिका बहुतेक एकाच साच्याच्या येतात: कर्मठ वडील, ठरवलेलं लग्न, शेवटी रडारड. अशा भूमिका मीही केल्यात, आणि त्यातल्या एक-दोन मनापासून आवडल्यात. मात्र शोरीलमध्ये, म्हणजे आपल्या कामाचे तुकडे जोडलेल्या छोट्या व्हिडिओत, फक्त तेवढंच असलं, तर कास्टिंगवाल्यांना तू त्यापलीकडे दिसतच नाहीस. म्हणून शोरील दोन मिनिटांच्या आत ठेव आणि सुरुवात अशा प्रसंगाने कर, जिथे पात्र कोणावर प्रेम करतं हा विषयच नाही. चोर असो, डॉक्टर असो, भावाशी भांडणारा माणूस असो. लंडन फिल्म स्कूल आणि नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलचे विद्यार्थी लघुपटांसाठी सतत नट शोधत असतात. त्यांच्यातलाच एखादा पुढे पहिला मोठा चित्रपट करतो आणि तुला डोळ्यांसमोर ठेवून भूमिका लिहितो. स्वतंत्र चित्रपटात माणूस असाच पुढे सरकतो. बीएफआय फ्लेअर हा एलजीबीटी चित्रपट महोत्सव दर मार्चमध्ये लंडनला असतो, कार्डिफचा आयरिस प्राइझ हा खास एलजीबीटी लघुपटांसाठीचा पुरस्कार आहे. तिथे निवड झाली की दिग्दर्शक स्वतःहून बोलतात.

सेटवरची एक गोष्ट सांगतो, कारण मला ती फार मोलाची वाटते. चुंबनाचा किंवा बिछान्यातला प्रसंग असेल, तर बहुतेक ठिकाणी आता इंटिमसी कोऑर्डिनेटर असते. एका लघुपटाच्या वेळी तिने आम्हा दोघांना आधी जमिनीवर बसवलं आणि विचारलं, कुठे हात लागलेला चालेल, कुठे नाही. मग नाचाच्या स्टेप्स बसवाव्यात तसं सगळं बसवलं: हात मानेवर, थांबा, श्वास, मग कपाळ कपाळाला. ठरल्याबाहेर काहीही होणार नाही, हे कागदावर होतं. लाज राहिलीच नाही, नुसता अभिनय उरला. फार छोट्या बजेटमध्ये ती नसते, तेव्हा तू स्वतः मागणी कर.

पैशांचं म्हणशील, तर लघुपटात बऱ्याचदा प्रवासखर्च आणि जेवण एवढंच. पोटापाण्याला दुसरं काम लागतंच. एजंट साधारण १० ते १५ टक्के घेतो, तेही काम मिळाल्यावर. नाव नोंदवायलाच पैसे मागणाऱ्याकडे फिरकू नकोस. इक्विटी या युनियनचा सभासद हो, करार वाचायला त्यांची मदत होते.

आता व्हिसा, आणि इथेच खरी मेख आहे. 'आधी एमए करतो, सोबत काम करतो' असं तू म्हणतोस, पण स्टुडंट व्हिसावर व्यावसायिक अभिनय करता येत नाही आणि स्वयंरोजगारही चालत नाही. कोर्सनंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर दोन्ही चालतं. त्याची मुदत २ वर्षं, आणि १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. शिवाय जानेवारी २०२४ पासून एमएसारख्या शिकवणीच्या कोर्सवर येणाऱ्यांना जोडीदार आणता येत नाही. म्हणजे तो वर्षभर नव्हे, त्याहून बराच काळ तिकडेच राहील.

म्हणून माझं मत असं: आधी ग्लोबल टॅलेंट व्हिसाचा, म्हणजे आपल्या क्षेत्रात नाव कमावलेल्यांसाठीच्या व्हिसाचा, अंदाज घे. चित्रपट-टीव्हीचा मार्ग मोठ्या पुरस्कारांवर भर देतो, तो तुझ्यासाठी नाही. रंगभूमीचा अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंड या कलांना मदत करणाऱ्या सार्वजनिक संस्थेकडे जातो. तिथे परीक्षणं, महोत्सवांतले प्रयोग, पुरस्कार आणि तीन शिफारसपत्रं बघतात, त्यातलं एक पत्र इथल्या संस्थेचं लागतं. तुझी इतक्या वर्षांची नाटकं इथेच कामी येतील. वर्तमानपत्रांची कात्रणं, तारखांसह ब्रोशर्स आजपासून गोळा कर. हा व्हिसा मिळाला की चित्रपटासकट जवळपास कोणतंही काम करता येतं आणि जोडीदारालाही आणता येतं. लग्नाचा दाखला लागत नाही. भारतात तो मिळणारही नाही, कारण २०१८ मध्ये समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सुटका झाली तरी सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मिळाला नाही. किमान दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवावं लागतं. एकत्र भाड्याचा करार, दोघांच्या नावचं बँक खातं, प्रवासाची तिकिटं, जे असेल ते जपून ठेव.

आणखी एक, घरच्यांचं. इथला लघुपट महोत्सवानंतर इंटरनेटवर येतो, पोस्टरवर तुझा चेहरा असतो, आणि तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर पोचायला वेळ लागत नाही. आईबाबांना तू सांगितलं नसशील, तर पहिलं शूटिंग सुरू व्हायच्या आधी सांग. त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये.

परीक्षणं आणि पुरस्कारांची यादी पाठव. रंगभूमीच्या अर्जात काय बसेल आणि काय कमी पडेल, ते मी बघून कळवतो.