जुना टर्बो घेण्यापूर्वी

गावाकडून नागपूरला जाऊन स्पोर्ट्‌स कारसाठी जुना टर्बो (एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) घेणार असाल, तर चकाकत्या कव्हरपेक्षा आतला शाफ्ट (फिरणारा दांडा) आधी तपासा. मिनिटाला १ लाखाहून अधिक फेरे घेणारा हा शाफ्ट बोटांनी आडवा किंचित हलला तरी चालते. मात्र तो पुढे-मागे जाणवण्याइतका सरकत असेल किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसत असतील, तर फुकटातही घेऊ नये. डिझेल गाडीचा टर्बो पेट्रोल इंजिनावर शक्यतो बसवू नका, कारण पेट्रोलचा एक्झॉस्ट बराच अधिक तापतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये काटकसर करू नका. गॅस्केट आणि ऑइलची नळी नवीनच घ्या. जुन्या नळीतला कचरा बेअरिंग खाऊन टाकतो.