क्यूबाला शिक्षा आणि इजिप्तला रणगाडे, असं का?

प्रश्न: नमस्कार. क्यूबात लोकशाही नाही म्हणून अमेरिकेने १९६२ पासून व्यापारबंदी घातलीय. इजिप्तमध्ये तर निवडून आलेला अध्यक्षच लष्कराने उचलून आत टाकला, तरी त्यांना दरवर्षी मदत चालूच. हे कायद्यात बसतं कसं? की तसा कायदाच नाहीये?

उत्तर: कायदा आहे की! लष्कराने उठाव करून निवडून आलेलं सरकार पाडलं तर त्या देशाची मदत थांबवायची, असं कलम अमेरिकेच्या परदेशी मदतीच्या कायद्यात आहे. आता इजिप्तमधलं ३ जुलै २०१३ चं बघा. लष्करप्रमुख जनरल सिसी टीव्हीवर येतात, राज्यघटना स्थगित झाल्याचं सांगतात, अध्यक्ष मोर्सी लष्कराच्या ताब्यात, उठाव म्हणायला अजून काय पाहिजे? पण ओबामा सरकारने यातून जी पळवाट काढली ती खरंच बघण्यासारखी आहे. त्यांनी हा उठाव नाही असं म्हटलं नाही, आहे असंही म्हटलं नाही, तर हा उठाव आहे की नाही ते ठरवायलाच पाहिजे असं बंधन कायद्यात नाही, म्हणून आम्ही ते ठरवतच नाही, असं सांगून मोकळे झाले. ठरवलंच नाही तर कलम लागणार कशाला!

त्याच वर्षी १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात बसलेल्या मोर्सी समर्थकांवर गोळीबार झाला, ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेच्या मोजणीत एका दिवसात किमान ८१७ माणसं मेली. मग ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने एफ-१६ विमानं, रणगाड्यांचे सुटे भाग वगैरे रोखून धरले, आणि मार्च २०१५ मध्ये तेही सोडून दिले. वर्षाला १.३ अब्ज डॉलरची लष्करी मदत, आणि गंमत म्हणजे त्यातला बहुतेक पैसा अमेरिकन कंपन्यांकडूनच शस्त्रं घ्यायला जातो, म्हणजे मदत थांबवली की बोंब आधी अमेरिकेच्याच कारखान्यांत होणार. वर सुएझ कालवा आहे, १९७९ चा इस्रायलबरोबरचा शांतता करार आहे. एवढं सगळं पणाला लावून कोण उठावाला उठाव म्हणणार?

क्यूबाबद्दल मात्र तुमचं गृहीतकच थोडं तपासून बघा. १० मार्च १९५२ ला लष्कराच्या जोरावर बातिस्ताने तिथे निवडणुकीच्या तोंडावर सत्ता बळकावली, आणि अमेरिकेने काही दिवसांतच त्याला मान्यता देऊन टाकली, तेव्हा लोकशाही कुणाला आठवली नाही. बंदी आली ती बातिस्ताला हटवून आलेल्या फिडेल कास्त्रोने अमेरिकन कंपन्यांच्या रिफायनऱ्या, साखर कारखाने सरकारजमा केले आणि सोव्हिएतशी गट्टी केली म्हणून. लोकशाहीचं कारण पुढे येऊन चिकटलं, आणि मग कास्त्रोला सोडून फ्लोरिडात आलेल्या क्यूबन मतदारांमुळे ते काढणं कुणाला परवडेना.

प्रश्न: पण मग युरोप तरी बरा ना? ते निदान मानवी हक्कांचं मनावर घेतात.

उत्तर: घेतात, पण गॅस किंवा लष्करी तळ मध्ये आला की सोडूनही देतात. २०२१ चंच घ्या. एप्रिलमध्ये चाडचा अध्यक्ष देबी मेला, राज्यघटना बाजूला ठेवून लष्कराने त्याच्या मुलालाच गादीवर बसवलं, आणि फ्रान्सचे मॅक्रों अंत्यसंस्काराला जाऊन नव्या राजवटीशेजारी बसले. पुढच्याच महिन्यात मालीत लष्कराने सरकार घालवलं तर मात्र फ्रान्सने मालीबरोबरच्या लष्करी मोहिमा थांबवल्या. फरक काय? चाडचं सैन्य साहेल भागात, म्हणजे सहाराच्या दक्षिणेच्या पट्ट्यात, फ्रान्सच्या खांद्याला खांदा लावून लढत होतं. आफ्रिकन युनियननेही मालीचं सदस्यत्व स्थगित केलं आणि चाडचं केलं नाही, म्हणजे हा रोग फक्त गोऱ्यांचा आहे असंही समजू नका.

आणि एक किस्सा सांगतोच. मे २००५ मध्ये उझबेकिस्तानच्या अंदिजानमध्ये सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या, शेकडो माणसं मेली. युरोपियन युनियनने चौकशी मागितली, नकार आल्यावर काही अधिकाऱ्यांवर व्हिसाबंदी घातली, यादीत वरच्या नावांत गृहमंत्री अलमातोव. आणि हे साहेब त्या वेळी कुठे होते, तर जर्मनीत, हॅनोवरला, उपचार घेत! जर्मनीचं म्हणणं, माणुसकीच्या नात्याने व्हिसा दिला. त्याच वेळी उझबेकिस्तानात तेर्मेझला जर्मनीचा लष्करी तळ चालू होता, हे मी नुसतं नोंदवून ठेवतो. २००९ पर्यंत उरलेसुरले निर्बंधही उठले.

२०२२ ला रशियाचा गॅस नको म्हणून युरोप बाकूला गेला आणि अझरबैजानबरोबर गॅसची आयात दुप्पट करायचा करार केला. अझरबैजानमध्ये २००३ मध्ये वडिलांनंतर मुलगा अध्यक्ष झाला, तो अजून आहे. त्यात जास्त सांगण्यासारखं काही नाही.

प्रश्न: भारताने या बाबतीत हात स्वच्छ ठेवलेत असं वाटतं. तुमचं मत?

उत्तर: नाही, आणि यात रागवण्यासारखंही काही नाही. १९५६ मध्ये सुएझवर हल्ला झाला तेव्हा आपण ब्रिटन-फ्रान्सला खणखणीत सुनावलं, आणि त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे हंगेरीत, बुडापेस्टमध्ये घुसले तर आपला आवाज बसला. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्या या ठरावाच्या तर विरोधातच मत दिलं. जयप्रकाश नारायणांनी तेव्हा नेहरूंवर यावरून उघड टीका केली होती, म्हणजे हे आत्ता मागे वळून बघताना सुचलेलं शहाणपण नाही.

म्यानमारचं ताजं आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, २७ मार्चला त्यांच्या सैन्यदिनाच्या संचलनाला मोजक्या आठ देशांनी प्रतिनिधी पाठवले त्यात रशिया, चीन, पाकिस्तानबरोबर भारतही होता, आणि त्याच दिवशी रस्त्यांवर शंभराच्या वर निदर्शक मारले गेले. जूनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत या राजवटीविरुद्ध ठराव आला, ११९ देश बाजूने, भारत तटस्थ. दिल्लीची बाजूही कळते: १६४३ किलोमीटरची सीमा, पलीकडे ईशान्येतल्या बंडखोरांचे अड्डे, आणि आपण पाठ फिरवली की चीन जागा घ्यायला तयारच. कळते म्हणजे पटते असं नाही. माझ्या मते तटस्थ मत एक वेळ समजू शकतं, संचलनाला जायची काहीही गरज नव्हती.

प्रश्न: मग हे लोकशाहीचं नाटक बंदच करावं. चीन सरळ सांगतो, दुसऱ्याच्या घरात आम्ही डोकावत नाही. निदान ढोंग तरी नाही!

उत्तर: डोकावत नाही? जानेवारी २००७ मध्ये म्यानमारच्या लष्करी राजवटीविरुद्धचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तो चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. हुकूमशहाच्या दाराशी पहारा देणं म्हणजे अलिप्तपणा नव्हे.

ढोंगाचा मलाही राग येतो, पण त्याचा एक उपयोग असतो तो सांगतो. १९७१ मध्ये ढाक्यात पाकिस्तानी सैन्याची कत्तल चालू होती आणि अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानचा लष्करशहा याह्याखान दुखवायचा नव्हता, कारण चीनशी गुप्त बोलणी त्याच्यामार्फत चालली होती. तेव्हा ढाक्यातल्या अमेरिकन वकिलातीतल्या लोकांनी ६ एप्रिलला आपल्याच सरकारला तार केली, की लोकशाही दडपली जातेय आणि आपण निषेधसुद्धा करत नाही. वकिलातीचे प्रमुख आर्चर ब्लड यांची बदली झाली, धोरण काही बदललं नाही. पण त्या माणसांना बोलायला आधार कशाचा होता? सरकार जगभर जे बोलत होतं त्याचाच. जे सरकार काही बोलतच नाही त्याला त्याचा नोकर काय आठवण करून देणार? आणि कधी कधी जमतंही: १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांचं विधेयक नाकारलं, तर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांचा नकार फिरवून निर्बंध लावले, रेगन यांच्याच पक्षाच्या कितीतरी लोकांची मतं त्यात होती.

बाकी एक, तुमचा हाच प्रश्न सगळ्यात आवडीने कोण विचारतं तर हुकूमशहा. तुरुंगातल्या पत्रकाराचं नाव काढलं की लगेच, मग सौदीचं काय? सौदीबद्दल विचारायलाच पाहिजे. पण तुरुंगातला तो माणूस तेवढ्याने सुटत नाही.

प्रश्न: छोटा प्रश्न. कास्त्रो बंधू सत्तेवरून गेले, मग क्यूबावरची बंदी आता उठणार का?

उत्तर: लगेच नाही. अमेरिकेच्या १९९६ च्या कायद्यात फिडेल आणि राऊल यांची चक्क नावं घालून लिहिलंय की हे दोघं सरकारात असेपर्यंत ते सरकार बदललं असं धरायचं नाही. फिडेल २०१६ मध्ये वारले, राऊल यांनी २०१८ ला अध्यक्षपद आणि २०२१ ला पक्षाचं नेतृत्व सोडलं, पण राजकीय कैदी सोडणं, १८ महिन्यांत मोकळ्या निवडणुका घ्यायची हमी, अशा बाकीच्या अटी तशाच आहेत. ओबामांनी २०१५ मध्ये दूतावास उघडला, पुढच्या वर्षी स्वतः हवानाला जाऊन आले, तरी त्यांना बंदी उठवता आली नाही, कारण त्या कायद्यानंतर ते एकट्या अध्यक्षाच्या सहीचं काम उरलेलं नाही, काँग्रेसची मतं लागतात.