फूटी खेळणारी मुलं: डोक्याला मार, गेलेला गुडघा आणि मैदानावर परतण्याची घाई

प्रश्न: मुलगा सोळा वर्षांचा आहे, फूटीत, म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये, गुणी आहे असं सगळेच म्हणतात. गेल्या शनिवारी मॅचमध्ये डोक्याला मार लागला. दोन दिवस डोकं दुखलं, आता ठणठणीत आहे. येत्या शनिवारी निवड करणारी माणसं बघायला येणार आहेत. खेळू द्यावं का? शिवाय या खेळात चांगले चांगले खेळाडू पंचविशीतच घरी बसतात असं ऐकलंय. एवढ्या पुढे जाऊ द्यावं की आत्ताच थांबवावं?

उत्तर: येत्या शनिवारी नाही, आणि त्याच्या पुढच्याही शनिवारी नाही. एवढं ठरवून टाका, मग बाकीचं शांतपणे बोलू.

पंचविशीत घरी बसण्याचं ऐकलंत ते खोटं नाही. पॅडी मॅककार्टिन २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक क्लब नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे त्या वर्षी देशातल्या सगळ्या पोरांमध्ये पहिला. सेंट किल्डाकडून खेळताना डोक्याला वारंवार मार बसला आणि क्लबने करार संपवला. सिडनीकडून तो परत आला, २०२२ ची ग्रँड फायनल (हंगामाचा अंतिम सामना) खेळला, एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा मार लागला आणि त्याच वर्षी, सत्ताविसाव्या वर्षी, निवृत्त झाला. मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ २०२१ चा विजेता. सप्टेंबर २०२३ च्या क्वालिफाइंग फायनलमध्ये एक धडक बसली, पुढच्या फेब्रुवारीत मेंदूच्या स्कॅनमध्ये बदल दिसले आणि तो अठ्ठाविसाव्या वर्षी थांबला. कॉलिंगवुडचा नेथन मर्फी २०२३ ची ग्रँड फायनल जिंकला खरा, पण त्याच मॅचमध्ये मार लागून बाहेर बसला. २०२४ मध्ये तज्ज्ञांच्या सल्ल्याने त्याने खेळ सोडला तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता.

ही नावं घाबरवायला सांगत नाही. यांच्या दिमतीला क्लबचे डॉक्टर, न्यूरॉलॉजिस्ट, रोजचा फिजिओ होता. तुमच्या मुलाच्या शनिवारच्या मॅचला फार तर एक प्रथमोपचार शिकलेला पालक आणि बर्फाची पेटी असते. लागणारा मार तुमच्या हातात नाही. मार लागल्यावर तो परत मैदानात कधी उतरतो, हे मात्र जवळजवळ पूर्णपणे तुमच्या हातात आहे, आणि लहान वयात नुकसान वाढतं ते बहुतेक वेळा तिथेच.

आता हिशेब. स्थानिक क्लबांच्या पातळीवर २०२४ पासून नियम असा: डोक्याला मार लागल्याचा दिवस म्हणजे शून्य, आणि त्यानंतर किमान २१ दिवस मॅच नाही. त्याआधी सलग १४ दिवस एकही लक्षण नसायला हवं, मग डॉक्टरांची परवानगी, मग धडकाधडकीचा सराव, आणि तो नीट पार पडला तर मॅच. पालकांची गल्लत होते ती २१ या आकड्यावर. ही कमीत कमी मुदत आहे, ठरलेली तारीख नाही. तुमच्या मुलाची लक्षणं दुसऱ्या दिवशी थांबली असतील तर चौदा दिवस सोळाव्या दिवशी भरतात, एकविसाच्या आत सराव होऊ शकतो, हिशेब जुळतो. तीच लक्षणं दहाव्या दिवसापर्यंत रेंगाळली असती तर चौदा दिवस चोविसाव्या दिवशी भरले असते, आणि तोवर एकवीस उलटून गेले तरी धडकेचा सरावसुद्धा नाही. टीव्हीवरचे खेळाडू बारा दिवसांत परततात हे मुलगा नक्की ऐकवेल. तो नियम व्यावसायिकांचा, रोज डॉक्टरांच्या नजरेखाली असलेल्यांचा. त्याला तो लागू नाही.

‘लक्षण’ म्हणजे नुसती डोकेदुखी नव्हे. उजेड-आवाज सहन न होणं, गरगरणं, वाचताना ओळ सुटणं, झोप बिघडणं, उगाच चिडचिड किंवा रडू येणं, वर्गात सांगितलेलं तासाभराने न आठवणं, हे सगळं मोजायचं. सोळा वर्षांचा मुलगा यातलं निम्मं लपवतो, निवड तोंडावर असली की सगळंच. म्हणून त्याला ‘बरा आहेस ना?’ असं विचारू नका, उत्तर ठरलेलं असतं. अर्धा तास गणितं सोडवायला बसवा आणि बघत राहा. वर्गशिक्षकांना ईमेल टाकून विचारा. शाळेचा पूर्ण दिवस त्रास न होता जमल्याशिवाय मैदानाचं नाव काढायचं नाही.

पहिल्या रात्री काय करायचं हेही माहीत असू द्या, कारण पुढच्या वेळी धावपळीत सुचत नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, मान दुखणं, दोन-दोन दिसणं, झटका, हातापायात मुंग्या किंवा अशक्तपणा, जागं करायला कठीण जाणं, विचित्र वागणं: यातलं एकही असलं तर लगेच ०००, म्हणजे आणीबाणीच्या नंबरला फोन. मान दुखत असेल तर मैदानावरून उचलायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, रुग्णवाहिकेची वाट बघायची. यातलं काही नसेल तर डॉक्टरांनी तपासल्यावर झोपू द्या. रात्रभर जागं ठेवण्याची जुनी समजूत चुकीची आहे, झोप हवीच. पहिले ४८ तास मोबाइल आणि गेम जवळजवळ बंद, मग हळूहळू चालणं.

आणि औषधांचा डबा. आपल्याकडे बहुतेक घरांत भारतातून आणलेल्या कॉम्बिफ्लामची पट्टी असतेच. त्यात पॅरासिटामॉलबरोबर आयबुप्रोफेन असतं, आणि डोक्याला मार लागल्यावर पहिल्या दोन दिवसांत आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन देत नाहीत, कारण आत रक्तस्राव असेल तर तो वाढू शकतो. नुसतं पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. गोळी देऊन दुखणं दाबायचं आणि ‘लक्षण नाही’ म्हणून दिवस मोजायचे, असं तर मुळीच चालत नाही. चौदा दिवस गोळीशिवायचे मोजायचे.

‘हेल्मेट घेऊन दिलंय की’ असं खूप पालक म्हणतात. मऊ हेल्मेटने कान आणि कातडी वाचते, कवटीच्या आत हलणारा मेंदू नाही. ब्रेशॉ वर्षानुवर्षं हेल्मेट घालूनच खेळला. अॅडलेडच्या महिला संघातली हेदर अँडरसन गुलाबी हेल्मेट घालायची, कारण तिच्या आईला नीट दिसत नसे आणि गर्दीत लेक ओळखू यावी. २०१७ ला ती विजेती ठरली, खांद्याच्या दुखापतीने खेळ सुटला, २०२२ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी गेली. नंतर तिच्या मेंदूत सीटीई आढळला. वारंवार धडका बसल्याने होणारा हा आजार मृत्यूनंतरच पक्का कळतो, आणि व्यावसायिक महिला खेळाडूत तो सापडल्याची जगातली ही पहिली नोंद. माउथगार्ड मात्र दंतवैद्याकडून मापाचा बनवून घ्या. तो दातांसाठी, आणि दातांचा खर्च इथे काय असतो ते तुम्हाला माहीत आहे.

गुडघ्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायला हवं होतं. जॉन कोलमनने १९४९ मध्ये एसेंडनकडून पहिल्याच मॅचला १२ गोल मारले, ९८ मॅचमध्ये ५३७. जून १९५४ मध्ये गुडघा निखळला आणि पंचविसाव्या वर्षी सगळं संपलं. त्या काळी करण्यासारखं फारसं काही नव्हतं. आता आहे, तरी सिडनीच्या अॅलेक्स जॉन्सनचं बघा. २०१२ ला विजेता, मग त्याच गुडघ्याच्या पाच शस्त्रक्रिया, जवळपास सहा वर्षांनी २०१८ मध्ये पुनरागमन, आणि दुसऱ्याच मॅचमध्ये दुसऱ्या पायाचा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला लिगामेंट, तुटला. मुलींमध्ये या लिगामेंटच्या दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतं, तेव्हा लेक खेळत असेल तर हा भाग दोनदा वाचा.

एसीएल जातो तेव्हा बहुधा कुणी धडकलेलंच नसतं. पळता पळता वळताना किंवा उडी मारून उतरताना ‘टक्’ असा आवाज होतो आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजतो. घोटाळा त्यानंतरचा आहे. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, मुलगा सरळ चालतो, घरचे म्हणतात लचकला होता, बरा झाला. मग सरावात एका वळणावर गुडघा दगा देतो आणि या वेळी आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटते. पहिली दुखापत दुरुस्त होण्यासारखी असते, दुसरीने पुढे चाळिशीत संधिवात मागे लागतो. म्हणून नियम साधा: आवाज आला किंवा त्याच दिवशी सूज आली, तर जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाऊन एमआरआयचं बोला, वाट बघू नका. पहिले तीन दिवस बर्फ, पट्टी, पाय उंच. आजीच्या तेलाची मालिश आणि गरम शेक या तीन दिवसांत नको. त्याने सूज वाढते. नंतर खुशाल.

शस्त्रक्रिया ठरली तर किमान नऊ महिने. डिसेंबरात पुण्याला जाऊन स्वस्तात करून घ्यावी का, असं पुष्कळ कुटुंबं विचारतात. शस्त्रक्रिया तिथे उत्तम होते, प्रश्न नंतरच्या नऊ महिन्यांचा आहे. इथल्या फिजिओला शस्त्रक्रियेचा तपशील इंग्रजीत लेखी लागतो: नव्या लिगामेंटसाठी कलम (तंतूचा तुकडा) कुठून घेतलं, मेनिस्कसला टाके घातले का, पाय कितपत वाकवायला परवानगी. ताज्या शस्त्रक्रियेनंतर लांब विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून परतीची तारीख सर्जनला विचारून मगच तिकीट. आणि मुलाची वाढ अजून चालू असेल तर हाडांची वाढीची टोकं सांभाळून काम करणारा, मुलांचे गुडघे नेहमी हाताळणारा सर्जन हवा, मग तो पुण्याचा असो नाहीतर मेलबर्नमधल्या पार्कव्हिलचा.

बिघडतं ते चौथ्या-पाचव्या महिन्यात. दुखणं थांबलेलं असतं, विम्यातली फिजिओची वार्षिक मर्यादा संपलेली असते, मुलगा जिममध्ये आपल्या मनाने काहीतरी करत असतो. नेमका याच टप्प्यात एका पायावर बसून उठणं, उड्या, वळणं शिकायची असतात. परतण्याआधी दुखऱ्या पायाच्या मांडीची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के आणि एका पायावरच्या उडीचं अंतरही तेवढंच भरायला हवं. नुसत्या अंदाजावर जाऊ नका, फिजिओकडून मोजून घ्या. दुखापत मुळातच टाळायची असेल तर क्लबला ‘प्रेप टू प्ले’ विचारा. एएफएल, म्हणजे या खेळाची राष्ट्रीय लीग, तिचाच वॉर्मअप आहे, पंधरा-वीस मिनिटांचा, उतरताना गुडघा आत न कोसळू देण्यावर भर असलेला. मॅचच्या दिवशीच नाही, प्रत्येक सरावाला करावा लागतो.

पैशाची बाजू बहुतेकांना दुखापत झाल्यावर कळते. क्लबची नोंदणी फी भरली की एक अपघात विमा मिळतो, पण ऑस्ट्रेलियातल्या कायद्यानुसार तो मेडिकेअरच्या (सरकारी आरोग्य योजनेच्या) यादीतला कोणताही खर्च देऊ शकत नाही, डॉक्टरांच्या फीमधला वरचा फरकसुद्धा नाही. म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, एमआरआय बाहेर. फिजिओ, दात, रुग्णवाहिका असले खर्च काही प्रमाणात आत. रुग्णवाहिका मेडिकेअरमध्ये येत नाही, व्हिक्टोरियात वर्षाचं सभासदत्व घेऊन ठेवा. क्वीन्सलँडच्या रहिवाशांना ती लागत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर भारताशी आरोग्यसेवेचा परस्पर करार नाही, मेडिकेअर नाही, सगळं तुमच्या व्हिसाच्या विम्यावर. त्यात आधीच्या दुखण्यांसाठी बारा महिन्यांची प्रतीक्षा असते. जुना विमा बंद करून नवा घेण्याआधी गुडघा दुखतोय का हे मुलाला विचारा.

आता निवडीचं. क्लबांच्या अकादम्यांत आशियात जन्मलेल्या पालकांच्या मुलांना खास जागा असते, त्यामुळे आपल्या घरांतही आता बोलावणं येतं. छानच आहे. पण ड्राफ्टमध्ये देशभरातून वर्षाला साठ-सत्तर नावं लागतात, आणि पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम बॉइड २०१६ ची ग्रँड फायनल तीन गोल मारून जिंकल्यावरही तेविसाव्या वर्षी बाहेर पडला, शारीरिक आणि मानसिक त्रासामुळे. मुलाची झोप, भूक, मित्र यांकडे गोलांइतकंच लक्ष असू द्या.

तर उद्या करायचं ते असं. कोचला एक ओळ पाठवा: ‘डोक्याला मार लागला आहे, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय उतरणार नाही.’ चांगला कोच सुटकेचा श्वास टाकतो, न टाकणारा असेल तर तोही कळतो. निवड करणाऱ्यांना क्लबमार्फत तसंच कळवा. दुखापतीमुळे बसलेल्या मुलाचे जुने व्हिडिओ ते बघतात, त्यांना हे रोजचं आहे. जीपीची वेळ घ्या, भाषेची अडचण असली तर १३१ ४५० वर दुभाषी मिळतो. यंदा बारावी असेल तर डॉक्टरांचा कागद शाळेलाही द्या. परीक्षेच्या आसपास मार लागला तर व्हीसीईत (व्हिक्टोरियातल्या बारावीत) विशेष सोयी मिळतात, पण वेळेवर कागद असेल तरच.

याच हंगामात दुसऱ्यांदा लागलं, किंवा आधीपेक्षा हलक्या धक्क्याने जास्त दिवस त्रास झाला, तर २१ दिवसांचं गणित विसरा आणि न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ते थांब म्हणाले तर थांबायचं. कोलमन थांबल्यावर एसेंडनचा कोच झाला आणि १९६२, १९६५ अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली. सोळाव्या वर्षी कोच होता येत नाही, पण ज्युनियर लीगना अंपायर नेहमीच कमी पडतात, प्रशिक्षण लीगच देते आणि प्रत्येक मॅचचे पैसेही मिळतात. चालू हंगामातही मध्येच नाव देता येतं, लीगच्या अंपायर समन्वयकाला विचारा.