आधी खोट सांग, मग समुद्र दाखव

प्रिय बाय,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. तू विकायला घेतलेल्या लाडघरच्या जागेच्या रीलला लाखावर व्ह्यूज, कमेंटचा पाऊस, त्यातल्या निम्म्या 'रेट?' आणि उरलेल्या 'स्वर्ग!'. आणि जागा बघायला आलं कोण, तर ठाण्याचं एक जोडपं. तेही खानावळीत जेवून परत गेलं. म्हणून तू विचारतेस, पैसे टाकून रील बूस्ट करू की चांगला ड्रोनवाला बघू? चिडू नकोस, पण दोन्ही नको. लाखभर लोकांनी बघितलं, म्हणजे पोहोचायचं काम झालंच की. पोहोचून त्यांना सांगितलंस काय, ते बघ.

मी बघितली ती रील. ऑगस्टमधला हिरवागार कातळाचा सडा, वर ढग, मागे बासरी. 'मिनी महाबळेश्वर दापोली! समुद्रापासून फक्त पाच मिनिटं!' कुणाची पाच मिनिटं? ड्रोनची? माणसाला किनाऱ्यावर जायचं तर त्या जागेवरून घाटी उतरावी लागते, नाहीतर गाडीने मोठा वळसा. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि ठाण्याच्या त्या बाईंना गाडीतून उतरल्या उतरल्या कळलं. त्यानंतर तू कागद कितीही चोख दाखवलेस तरी त्यांच्या कानात तुझी पाच मिनिटंच वाजत राहिली असणार.

जागेची खोट आपण सांगायची. गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी, किंमत सांगायच्याही आधी. माझ्याकडे दुसरं शहाणपण नाही, त्यामुळे या पत्रात तेच तेच वाचावं लागेल. त्याची तयारी ठेव.

मी ब्लॉग लिहायला लागले तेव्हा आपल्याकडे लोक पोस्टर चिकटवून जमिनी विकत होते. तेव्हा एका जागेच्या विहिरीवर मी लिहिलं होतं. मे संपत आला होता. कळशी बांधून दोर सोडला, कळशी तळाला टेकली, वर काढून ओला दोर कुठवर आला तिथे गाठ मारली आणि पट्टीने मोजला. गुडघाभरसुद्धा पाणी नव्हतं. तो ओला दोर, शेजारी पट्टी, असा फोटो टाकला आणि खाली लिहिलं: 'मेअखेर एवढंच पाणी राहतं. घराला पुरेल, बागेला पुरणार नाही. बोअर मारली तर पाणी लागेल असं मी म्हणणार नाही.' माझे धाकटे दीर म्हणाले, 'वहिनी, जागा विकताय की पाडताय?' ती जागा डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरांनी घेतली. येताना लेखाची प्रिंट घडी करून खिशात आणली होती. समुद्र कुठे आहे हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. सरळ विहिरीवर गेले, वाकून बघितलं आणि विचारलं, 'पावसाचं पाणी साठवायला टाकी केवढी बांधावी लागेल?' जागा घ्यायची की नाही, हे त्यांचं घरीच ठरलं होतं. विहिरीने ठरवलं होतं.

तू म्हणशील, काकू, तो जमाना वेगळा. आता कोण वाचतं? अगं, रील बघणारा आणि जमीन घेणारा ही माणसं एकच असली, तरी त्यांची वेळ वेगळी असते. लोकलमध्ये उभं राहून तो तुझा समुद्र बघतो आणि पुढे सरकतो. पण पीएफचे पैसे हातात आले की हाच माणूस रात्री सगळे झोपल्यावर गूगलवर टाइप करतो, 'मी शेतकरी नाही, कोकणात जमीन घेता येते का?' त्या वेळी त्याला तुझा लेख सापडला पाहिजे. आणि त्यात सरळ लिहिलेलं पाहिजे की 1948 च्या कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे, शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'आधी घ्या, नंतर शेतकरी दाखल्याचं बघू' असं सांगणारे आपल्याच बाजारपेठेत चहा पीत बसलेले असतात. त्यांच्या रील तुझ्यापेक्षा जास्त चालतात, हेही मला माहीत आहे.

सातबारा कसा वाचायचा यावर एक लेख लिही. मोठा लिही, कंटाळू नकोस. मुंबईच्या माणसाला वाटतं, वर नाव दिसलं की झालं. त्याला 'इतर हक्क'च्या रकान्यात बोट ठेवून दाखव: कुळाचं नाव असलं तर काय, बँकेचा बोजा असला तर काय, कुळकायद्याच्या कलम 43 चा शेरा असला तर विकायच्या आधी परवानगी कधी लागते, भोगवटादार वर्ग 2 म्हणजे काय. आणि आपल्याकडचा खरा रोग लिही, सामाईक सातबारा. पणजोबांच्या नावाखाली चुलत-चुलत धरून वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, एक बडोद्याला, दोघांचा वारस तपासच झालेला नाही. गणपतीला सगळे गावात येतात तेव्हा सह्यांसाठी पळापळ होते, आणि नेमकी एक आत्या 'मला विचारलं नाही' म्हणून बसते. हे लिहिलंस तर हसत हसत वाचतील आणि नंबर जपून ठेवतील. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. तो गिऱ्हाइकाने स्वतः काढून बघावा असं सांग. तू दिलेल्या कागदावर विश्वास ठेव म्हणू नकोस.

समुद्राजवळच्या जागांबद्दल तर आधीच तोंड उघड. 2019 च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या अधिसूचनेत, ग्रामीण भागात लोकसंख्येची घनता चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त असेल तिथेच भरतीरेषेपासूनचा ना-विकास पट्टा 50 मीटरपर्यंत येतो, बाकी ठिकाणी 200 मीटर. आपल्या गावांत एवढी दाटी कुठे गं? तेव्हा 'लाटांच्या आवाजात जाग येईल' अशी ओळ लिहिण्याआधी तिथे घर बांधता येतं का ते लिही. येत नसेल तर येत नाही म्हणून लिही. खोट आपण सांगायची.

प्लॉटिंगचं काम घेतलंस तर आणखी एक. छोट्या प्रकल्पांना असलेली सूट सोडली, तर महारेराची, म्हणजे बांधकाम-प्लॉटिंगवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही, आणि 'लवकरच येत आहे'ची स्टोरी हीसुद्धा जाहिरातच. 1 ऑगस्ट 2023 पासून नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही लागतो. एजंट म्हणून तुझी वेगळी नोंदणी लागते, ती आधी कर. तुझ्या मित्राच्या पेजवर मी कोड शोधला, सापडला नाही. त्याला हळूच सांग.

आता तुला वाटत असेल, हिने एवढं खरं लिहून काय कमावलं? विचार, राग नाही. एका मोठ्या प्लॉटिंगचं काम माझ्याकडे आलं होतं. जागेला जायचा रस्ता म्हणजे शेजाऱ्याच्या गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतून जाणारी वहिवाटीची पायवाट होती. मी तसं लिहिलं. मालकांनी लेख काढायला सांगितलं, मी काढला नाही. काम गेलं. त्या वर्षी मुलीच्या कॉलेजची फी मंगळसूत्र गहाण ठेवून भरली, आणि ती गोष्ट माझी मुलगी अजून मला ऐकवते. लागतं ते मनाला. दीरांचं रत्नागिरीत एसी ऑफिस आहे, चार मुलं कामाला आहेत, आणि मी अजून ओटीवर टेबल टाकून बसते. लोक म्हणतात, हिने धंदा वाढवला नाही. नाही वाढवला. पण मी विकलेल्या जागेवरून जाताना मला छत्री आड धरावी लागत नाही. तिथले लोक हाक मारून कोकम सरबत देतात, आणि पुढचं गिऱ्हाईक तेच पाठवतात. दीरांना दर वर्षी नवी गिऱ्हाइकं शोधावी लागतात. आता हे मी तुला पटवतेय की स्वतःला, कोण जाणे.

वरचा थर निवडक लावून आंब्याची पेटी भरणाऱ्याला वाशीचा दलाल एकदा पैसे देतो. आपल्या धंद्यात तर गिऱ्हाईक आयुष्यात एकदाच येतं, मग एकदाच फसवलं तर काय बिघडलं, असा हिशेब करणारे आहेत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप माहीत नाही. एका सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो पडला की तालुक्याचं नाव जातं, नुसतं तुझं नाही.

बाकी फेसबुक की इन्स्टा, सकाळी टाकू की संध्याकाळी, हॅशटॅग किती, हे मला विचारू नकोस. ते तुला माझ्यापेक्षा कळतं आणि त्याने फार फरक पडत नाही. 'रेट इनबॉक्समध्ये' मात्र आजपासून बंद. गुंठ्याचा भाव उघड लिही. भाव लपवला की माणूस समजतो, आणखीही काही लपवलंय. कमेंटमध्ये कुणी वाकडं विचारलं तर ती उडवू नकोस, तिथेच उत्तर दे. आणि शेजाऱ्याची बाग, देवळाचं आवार, नळावरच्या बायका न विचारता रीलमध्ये घेऊ नकोस. गावात राहायचंय तुला.

ती लाडघरची रील काढू नकोस. तिच्या खालीच पहिली कमेंट तू स्वतः टाक: घाटी किती उतरावी लागते, वळशाने किती किलोमीटर पडतं, मेमध्ये पाणी कुठून येतं. मग मे महिन्यात त्याच ठिकाणी उभी राहून दुसरी शूट कर, करड्या गवतातली, बासरीशिवाय. व्ह्यूज कमी येतील, आधीच सांगते.

त्या जागेचा सातबारा आणि मागचे सगळे फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) पाठव, वाचून कळवते. मोबाइलवर फोटो काढून नको, झेरॉक्स पाठव. तुमच्या इथली दुपारची एसटी माझ्या दारावरूनच जाते, कंडक्टरकडे दिलीस तरी चालेल. बाबांना म्हणावं, गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
काकू