बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची इंजेक्शने घरी घेणे कितपत सुरक्षित आहे?

आपल्या आईंची बी-१२ ची पातळी १३० आली आहे, म्हणजे कमी आहे, त्यांच्या पायांना मुंग्या येतात, डॉक्टरांनी मिथाइलकोबालामिनची (हा बी-१२ चाच एक प्रकार) इंजेक्शने लिहून दिली आहेत आणि एका नातेवाइकांनी सोबत ड जीवनसत्त्वाचे सहा लाख युनिटचे इंजेक्शनही घेण्यास सुचवले आहे, असे आपण लिहिले आहे. मी औषध दुकानात फार्मासिस्ट आहे. मात्रा ठरवणे माझ्या अधिकारात बसत नाही, परंतु या दोन इंजेक्शनांना एकाच मापाने मोजू नये, एवढे निश्चित सांगू शकतो.

बी-१२ पाण्यात विरघळते आणि जास्तीचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो, म्हणून शरीराची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम असतानाही १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन सहसा बाधत नाही. अनेकांना त्याच मात्रेची रोजची गोळीही पुरते, कारण तिचा साधारण एक टक्का भाग आतड्यातून कसाही शोषला जातो. मात्र मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, हिमोग्लोबिन फार कमी असणे किंवा जठराची अथवा लहान आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असणे, अशा वेळी इंजेक्शनच योग्य ठरते. मज्जातंतूंची हानी लांबली तर ती पूर्णपणे भरून येत नाही. त्यामुळे आईंच्या बाबतीत डॉक्टरांचा निर्णय मला रास्त वाटतो. त्या शाकाहारी आहेत आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेतात, ही दोन्ही कमतरतेची कारणे असू शकतात. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे, पण मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करू नये.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ते चरबीत साठते, महिनोन्‌महिने शरीरात राहते आणि एकदा टोचलेले सहा लाख युनिट परत काढता येत नाहीत. पातळी न तपासता अशी इंजेक्शने वारंवार घेतल्याने रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता, अती तहान, गोंधळलेली मनःस्थिती आणि अखेरीस मूत्रपिंडांची हानी झालेल्या रुग्णांची वर्णने भारतीय वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. ज्यांचे आतडे नीट शोषण करू शकते त्यांना तोंडाने घेण्याचे औषध पुरते. सामान्यतः ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपुरते. (आठवड्याचे पाकीट रोज घेणारी माणसे मला काउंटरवर भेटतात, म्हणून हे स्पष्ट लिहीत आहे.) मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आणखी सावध राहावे. नातेवाइकांच्या शब्दावर हे इंजेक्शन घेऊ नये. आधी रक्ततपासणी करून घ्यावी.

गल्लीतील ओळखीच्या गृहस्थांकडून घरीच इंजेक्शन घ्यावे का, असेही आपण विचारले आहे. निदान पहिले तरी दवाखान्यात घ्यावे आणि नंतर अर्धा तास तिथेच बसावे. तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर घरात काहीही करता येत नाही. पुढची इंजेक्शने प्रशिक्षित परिचारिकेने घरी येऊन दिली तर हरकत नाही. न शिकलेल्या हाताने कमरेत चुकीच्या जागी सुई गेली, तर पायाची मोठी नस (मज्जातंतू) दुखावू शकते. आई रक्त पातळ करणारे औषध घेत असतील तर स्नायूत रक्तस्राव होऊन रक्त साकळण्याचा धोका असतो, तेव्हा ते आधी सांगावे. सिरिंज प्रत्येक वेळी नवी हवी, आणि मिथाइलकोबालामिन उजेडाने खराब होत असल्यामुळे ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) खोक्यातच ठेवावे.

ॲम्प्यूलवरील मजकूरही वाचावा. काहींत नुसते बी-१२ असते, काहींत बी-१ आणि बी-६ मिसळलेले असतात. ‘तेच आहे’ असे म्हणून एकाऐवजी दुसरे घेऊ नये. बी-१ च्या इंजेक्शनाने गंभीर ॲलर्जी झाल्याच्या नोंदी आहेत, तर बी-६ दीर्घकाळ जास्त प्रमाणात घेतल्यास त्यानेच मुंग्या येऊ लागतात. लाल रंगामुळे पुष्कळ लोक बी-१२ च्या इंजेक्शनाला रक्ताचे इंजेक्शन म्हणतात, पण त्यात लोह अजिबात नसते. लोहाची कमतरता असल्यास तिचा उपचार वेगळा करावा लागतो.

इंजेक्शने चालू असताना लगेच बी-१२ पुन्हा तपासू नये. आकडा फार मोठा येतो. तो घाबरण्याजोगा नसतो आणि बरे झाल्याचा पुरावाही नसतो. हिमोग्लोबिन काही आठवड्यांत सुधारते, मुंग्या कमी व्हायला महिने लागू शकतात. आहार आणि मेटफॉर्मिन तेच राहणार असल्याने, इंजेक्शनांचा क्रम संपल्यावर गोळी किती काळ चालू ठेवायची, हे डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवावे.