जीभ काढून बसलेला तो गार्गॉइल नव्हे

प्रश्न : आमचा चौघांचा डूम मेटल बँड आहे. पहिल्या अल्बमच्या कव्हरवर पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचा मध्ययुगीन गार्गॉइल घ्यायचं ठरतंय. तोच, गालांवर हात ठेवून जीभ काढणारा. गिटारिस्ट म्हणतो, हे फार गुळगुळीत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : गिटारिस्टचं ऐका, पण माझं कारण वेगळं आहे. तुमचा तो प्राणी मध्ययुगीनही नाही आणि गार्गॉइलही नाही. गार्गॉइल म्हणजे पन्हळीचं तोंड. छपरावरचं पाणी त्याने भिंतीपासून लांब फेकायचं, नाहीतर दगडांमधला चुना धुऊन जातो. मूळ फ्रेंच शब्दाचं नातंही घशाशीच. तुमच्या या प्राण्याच्या, म्हणजे ‘स्ट्रिज’ नावाच्या मूर्तीच्या, तोंडातून थेंबभर पाणी पडत नाही. व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने १९ व्या शतकातल्या डागडुजीत बसवलेली ती निव्वळ शोभेची मूर्ती. १८५३ मध्ये शार्ल मेरियाँ या चित्रकाराने तिचं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) केलं, तेव्हा ती जवळपास नवीकोरी होती. मी स्वतः एका कॅसेटच्या कव्हरवर तिला ‘तेराव्या शतकातली’ करून टाकलंय, तेव्हा फार लाजू नका.

दगड मात्र सोडू नका. डूममध्ये एकच रिफ, म्हणजे गिटारची छोटी धून, किती वेळ संथपणे घोळवतात! त्याला झिजलेलाच चेहरा शोभतो : नाक गेलेलं, डोळ्यांखाली पावसाचे काळे ओघळ. ते ओघळ कॉम्प्युटरवर पुसलेत तर उरेल बागेतला पुतळा. फोटो तिरप्या उन्हात काढा, समोरून पडणाऱ्या उन्हात कोरीवकाम सपाट दिसतं. फ्लॅश तर नकोच.

जॉय डिव्हिजन या ब्रिटिश बँडचा ‘क्लोजर’ (१९८०) हा अल्बम डूम नव्हे, तरी त्याचं कव्हर समोर ठेवा. इटलीतल्या जेनोआच्या स्टाल्येनो दफनभूमीतल्या अप्पियानी कुटुंबाच्या थडग्याचा तो फोटो, बर्नार्ड पिएर वुल्फने काढलेला. भोवती नुसती पांढरी जागा. बँडचा गायक इयान कर्टिस त्याच वर्षी मे महिन्यात वारला. कव्हर त्याआधीच ठरलं होतं, तरी बऱ्याच जणांना ते त्याच्या मृत्यूवर बेतलेलं वाटलं.

आणि पुतळा हवाच असंही नाही. ‘ब्लॅक सबाथ’ या बँडच्या १९७० च्या पहिल्या अल्बमवर इंग्लंडमधल्या मेपलडरहॅमच्या पाणचक्कीसमोर काळ्या झग्यात एक बाई उभी आहे, बस्स. पण उभी अशी, की कुणीतरी घडवून ठेवलीय.

लोगो चेहऱ्यावर छापू नका. तुमच्यातला एकजण तरी हट्ट धरेलच.